सत्तावीस वर्षांनी वाजलेला फोन

फोन येतो तेव्हा सगळ्यांची चाळिशी जवळ आलेली असते. एक नावाजलेला लेखक, एक आर्किटेक्ट, एक रेडिओवर आवाज बदलून लोकांना हसवणारा, एक आलिशान मोटारी भाड्याने देणारा. पैसा, नाव, सगळं आहे. फोन करणारा मात्र गावातच राहिलेला, तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल. त्याचं सांगणं एवढंच, की ते परत आलंय आणि आपण शपथ घेतली होती. फोन कानाला लावेपर्यंत या माणसांना आपलं लहानपण आठवतच नसतं. गाव, मित्र, तळहातावरचे व्रण, सगळं पुसलेलं. आवाज ऐकला, की व्रणसुद्धा पुन्हा उमटतात.

स्टीफन किंगच्या 'इट' या कादंबरीची ही चौकट. सप्टेंबर १९८६मध्ये ती आली ती ११३८ पानांची वीट होऊन. विदूषकाच्या रूपात मुलांना गटारात ओढून नेणारं काहीतरी, एवढीच तिची ओळख आपल्याकडे पोचली. विदूषकाने पोस्टरं व्यापली, पण कादंबरी त्याची नाही. ती सात पोरांची आहे, आणि त्याहून जास्त त्यांच्या गावाची.

तिचं बीज पडलं १९७८मध्ये. किंग तेव्हा कोलोरॅडोतल्या बोल्डरला राहत होता. दुरुस्तीला टाकलेली गाडी आणायला तो संध्याकाळी चालत निघाला. वाटेत लाकडी पूल होता, आणि फळ्यांवर बुटांचा आवाज होत होता. पुलाखालच्या राक्षसाची आणि तीन बोकडांची नॉर्वेतली गोष्ट त्याला आठवली. पुलाखाली राक्षस खरंच असेल तर? पुढे हा विचार वाढत गेला. अख्खं गाव हाच पूल धरला, तर त्याच्याखाली काय असतं? गटारं. लहानपणी किंग काही काळ कनेक्टिकटमधल्या स्ट्रॅटफर्डला होता. तिथल्या वाचनालयात मुलांचा विभाग आणि मोठ्यांचा विभाग एका छोट्या बोळाने जोडलेले होते. तो बोळही त्याला पूलच वाटला. प्रत्येक पोराला तो ओलांडावा लागतो, आणि खाली कोण बसलंय ते माहीत नसतं.

कादंबरीतलं डेरी हे गाव कल्पित आहे, पण मेन राज्यातल्या बँगर शहरात गेलात तर निम्मं डेरी चालता चालता सापडतं. लाकूडतोड्या पॉल बन्यनचा ३१ फुटी पुतळा तिथे १९५९पासून उभा आहे. कादंबरीत तो जिवंत होऊन एका पोराच्या अंगावर येतो. १८९७मध्ये बांधलेली गोल, पांढरी पाण्याची टाकी आहे, कादंबरीत तिच्यात बुडून मेलेली मुलं दिसतात. गावामधून केंडुस्कीग नावाचा ओढा वाहतो. किंगचं घरही याच गावात, फाटकाच्या लोखंडी नक्षीत वटवाघळं असलेलं.

खरी भीती मात्र या खुणांत नाही. ऑक्टोबर १९३७मध्ये बँगरच्या भर बाजारात एफबीआयने ब्रॅडी टोळीला गोळ्या घातल्या. किंगने ती घटना उचलली, टोळीचं नाव थोडं बदललं आणि पोलिसांच्या जागी गावकरी उभे केले. दुकानदार, ग्राहक, सगळे बंदुका घेऊन येतात, गोळ्या झाडतात आणि संध्याकाळी काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने जेवायला बसतात. जुलै १९८४मध्ये तीन किशोरवयीन मुलांनी एका समलिंगी तरुणाला त्या ओढ्याच्या पुलावरून खाली फेकलं, आणि तो बुडाला. या खऱ्या हत्येची छाया कादंबरीच्या सुरुवातीलाच आहे. डेरीत दर सत्तावीसेक वर्षांनी मुलं नाहीशी होतात आणि गाव मान वळवतं. त्या मान वळवण्यावर खालचं ते पोसलं जातं.

सात पोरांच्या मैत्रीची परीक्षाही तिथेच आहे. त्यांतल्या एकुलत्या मुलीच्या, बेव्हर्लीच्या घरी मोरीतल्या बेसिनमधून रक्ताचं कारंजं उडतं. भिंती लाल होतात. बाप येऊन बघतो, त्याला काहीच दिसत नाही. तिला वाटतं, आपलंच डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी ती मित्रांना घरी आणते, आणि त्यांना रक्त दिसतं. तिघं-चौघं फडकी घेऊन भिंती पुसायला लागतात. मला या कादंबरीतला हा सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो. मित्र कुणाला म्हणायचं, याची याहून चांगली खूण मी वाचलेली नाही. ते तिला समजावत बसत नाहीत, सरळ फडकं पिळतात.

ही टोळी जमते तीही दगडफेकीत. गावातली दांडगट पोरं माइक या कृष्णवर्णीय मुलाच्या मागे लागतात, तो पळत येतो, आणि आधीचे सहा जण दगड उचलतात. एक तोतरा, एक जाडा, एक दमेकरी, एक ज्यू, एक चष्मेवाला बडबड्या, एक मुलगी, आणि आता हा सातवा. ज्या वैगुण्यावरून गाव हसतं, तेच वेळेला हत्यार होतं. एडीच्या दम्याच्या फवाऱ्यात औषध नसून कापराच्या वासाचं पाणी आहे, हे दुकानदाराने त्याला सांगितलेलं असतं. तरी तो त्याच फवाऱ्याने राक्षसावर चाल करतो, कारण या क्षणी ते तेजाब आहे असं तो ठरवतो. त्यांच्यातला स्टॅन पाखरांची नावं मंत्रासारखी म्हणतो. चांदीची गोळी गलोलीत लावायची वेळ येते तेव्हा नेम बेव्हर्लीचाच चांगला आहे, हे पोरं मुकाट मान्य करतात.

आपल्याकडे असं संकट आलं तर पोरांनी आधी आजीकडे पळावं अशी रीत. तिच्याकडे अंगारा असतो, दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या असतात, तेवढ्याने भागलं नाही तर देवऋषी. भूत खरं आहे यावर घरात एकमत असतं, वाद फक्त उपायावर. मुंजाचंच बघा. मुंज झाली, पण लग्नाआधी गेला, तो पिंपळावर बसला. तो स्वतःच अर्ध्या पुलावर अडकलेला पोरगा आहे. २०२४च्या 'मुंज्या' चित्रपटाने त्याला कोकणातून थेट पडद्यावर आणलं. नारायण धारपांच्या (१९२५–२००८) कथांतही संकट गळ्याशी आलं, की त्यांचं 'समर्थ' हे पात्र उभं राहतं. त्यांच्या 'शपथ' या कादंबरीचं नातं 'इट'शी आहे हे धारपांच्या वाचकांना ठाऊक आहे. किंगची एक आजीची कथा धारपांच्या हातून मराठीत आली आणि तिचा धागा २०१८च्या 'तुंबाड'पर्यंत पोचला, हेही. तरीही दोघांच्या जगात मोठा फरक आहे. धारपांच्या जगात कुणीतरी मोठं माणूस जागं असतं. डेरीत समर्थ नाहीत. आई-बाप टीव्हीसमोर बसलेले आहेत.

मॅट आणि रॉस डफर या जुळ्या भावांना 'इट'चा चित्रपट करायचा होता, तो मिळाला नाही. मग त्यांनी 'स्ट्रेंजर थिंग्ज' लिहिली. २०१६च्या जुलैत ती नेटफ्लिक्सवर आली. गाव इंडियानातलं हॉकिन्स, तेही कल्पित, आणि विल नावाचा मुलगा नाहीसा होतो ती तारीख ६ नोव्हेंबर १९८३. डफर बंधू जन्मले १९८४मध्ये. म्हणजे ज्या काळाची एवढी ओढ लावली, त्याची सुरुवात त्यांनी पाहिलेलीच नाही. सायकली, वॉकीटॉकी आणि तळघरात रंगणारा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव, सगळं झकास जमलंय. पण तिथे विलच्या आईला भिंतीवरच्या दिव्यांतून मुलगा बोलताना कळतो आणि पोलीसप्रमुखही लवकरच विश्वास ठेवतो. मोठी माणसं मदतीला धावली, की भीती निम्मी होते. किंगने ती सवलत कुणाला दिलेली नाही.

मोठ्यांच्या अशा विश्वासाला एक उलटी बाजूही आहे, आणि ती कल्पित नाही. १९९३मध्ये आर्कान्सातल्या वेस्ट मेम्फिसला आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. गावाला सैतानपूजेचा संशय आला आणि बोट गेलं काळे कपडे घालणाऱ्या, कर्कश संगीत ऐकणाऱ्या मुलांकडे. तीन किशोरांना दोषी ठरवलं, एकाला मृत्युदंड. दबावाखाली घेतलेला एकाचा कबुलीजबाब हा खटल्याचा मोठा आधार होता. त्या तीन किशोरांतल्या दोघांची घट्ट मैत्री होती. अठरा वर्षं तुरुंगात काढून २०११मध्ये तिघंही बाहेर आले. गावाला भूत दिसलं, की ते असं पोरांवर उलटतं.

'इट' १९९०मध्ये टीव्हीवर आली आणि २०१७मध्ये मोठ्या पडद्यावर. मधलं अंतर बरोबर सत्तावीस वर्षांचं. या चित्रपटातला रिची आणि 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधला माइक यांचा नट एकच, फिन वुल्फहार्ड. मालिका चालत राहिली, पोरांना मिशा फुटल्या, पण मैत्री काही सुटेना. मला ते खोटं वाटतं. किंगच्या पोरांची मैत्री सुटते. राक्षस संपला, की तिचं कामही संपतं. एकेक जण गाव सोडतो आणि गावाबरोबर मित्रही विसरतो. मोठेपणी पुन्हा जमतात, पुन्हा लढतात, त्यात एक जण मरतो, आणि पुन्हा विसरतात. वाचनालयातल्या माइकच्या वहीत मित्रांचे पत्ते असतात. शेवटच्या पानांत त्या वहीतली शाई फिकट होत जाते आणि त्याला ती थांबवता येत नाही.

बिल, तो तोतरा लेखक, आता पूर्ण टकला झालेला. बायको धक्क्याने दगडासारखी झालेली, बोलत नाही, ओळखत नाही. तो आपली जुनी, अजस्र सायकल बाहेर काढतो. तिचं नाव सिल्व्हर. बायकोला मागच्या कॅरिअरवर बसवतो आणि उतारावरून, रहदारीतून, अकरा वर्षांचा असताना हाणायचा तशी ती हाणत निघतो.