पन्नास रुपये ‘इज’ की पन्नास रुपये ‘आर’?

छोट्या दोस्तांनो, एका वाक्याचं इंग्रजी करा पाहू. ‘पन्नास रुपये पुरेसे आहेत.’ केलंत? तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ‘फिफ्टी रुपीज आर इनफ’ असं केलं असणार. बरोबरच आहे तुमचं! रुपये पन्नास, मराठीत ते ‘आहेत’, मग इंग्रजीत ‘आर’ का नको? पण इंग्रजीत म्हणतात, ‘फिफ्टी रुपीज इज इनफ’. झालं! वहीत लाल गोल.

व्याकरणाच्या पुस्तकात यासाठी नियमांची ही भलीमोठी यादी असते. ती घोकून परीक्षेचं भागतं, पण बोलायची वेळ आली की ‘इज’ की ‘आर’ या घोळात वाक्य घशातच अडकतं. मग मुलं बोलायचीच टाळतात. म्हणून आज यादी बाजूला ठेवू आणि आपल्या मराठी कानाला कामाला लावू. आजोबांच्या पिढीतले पुष्कळजण तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी शिकले, तेही मराठीशी ताडून पाहतच की!

आता हे वाक्य मोठ्यानं म्हणा: ‘पन्नास रुपये ही काही मोठी रक्कम नाही.’ ऐकलंत? रुपये पन्नास, पण आपण म्हणालो ‘ही रक्कम’. तसंच ‘पाच किलोमीटर हे काही फार अंतर नाही’. म्हणजे सुट्या गोष्टींचा एक गठ्ठा बांधायची युक्ती मराठीलाही येते. फरक इतकाच, की आपण ती कधीमधी वापरतो आणि इंग्रजी जवळजवळ नेहमी. पैसा, अंतर, वेळ, वजन यांच्यापुढे मनातल्या मनात ‘ही रक्कम’, ‘हे अंतर’, ‘हा वेळ’ असं जोडून पाहा. जुळलं, तर बेधडक ‘इज’ म्हणा. ‘टू अवर्स इज अ लाँग टाइम.’ पण टेबलावर दहा नाणी मांडली असतील, तर ती सुटी सुटी दिसतात ना? तिथं ‘टेन कॉइन्स आर ऑन द टेबल’.

‘हाफ ऑफ’, ‘मोस्ट ऑफ’, ‘सम ऑफ’, ‘अ लॉट ऑफ’ यांना तर मुळीच घाबरू नका. ‘निम्मा आंबा नासका निघाला’ आणि ‘निम्मे आंबे नासके निघाले’, हा फरक तुम्हाला कुणी शिकवला होता का? इंग्रजीतही तस्संच. ‘हाफ ऑफ द मँगो इज’, ‘हाफ ऑफ द मँगोज आर’. ‘ऑफ’च्या पुढे काय आहे ते बघायचं. दूध असेल तर ‘इज’, आंबे असतील तर ‘आर’. टक्क्यांचंही तेच.

खरा चकवा आहे तो ‘वन ऑफ’मध्ये. ‘मुलांपैकी एकजण आजारी आहे’ असं म्हणताना मराठीत कुणी चुकत नाही, कारण ‘एकजण’ क्रियापदाच्या जवळ असतो. इंग्रजीत ही रांग उलटी होते. ‘वन’ मागे राहतो आणि ‘बॉईज’ क्रियापदाला खेटून उभे राहतात. जीभ फसते आणि तोंडून ‘आर’ निघतं. आजारी किती जण? एक. म्हणून ‘वन ऑफ द बॉईज इज इल’.

‘नंबर’ची गंमतही मराठीत आणली की उलगडते. ‘अ नंबर ऑफ बॉईज’ म्हणजे ‘बरेच मुलगे’. ते गैरहजर ‘आहेत’, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ बॉईज’ म्हणजे ‘मुलांची संख्या’. ती कमी ‘आहे’, म्हणून ‘इज’. एवढ्याशा ‘अ’ आणि ‘द’नं केवढी उलथापालथ केली पाहा!

आता खरं सांगायचं तर मराठी कान प्रत्येक वेळी धावून येत नाही. ‘मोअर दॅन वन बॉय इज ॲबसेंट.’ एकाहून जास्त मुलगे गैरहजर, तरी ‘इज’! का, तर शेजारी एकटा ‘बॉय’ उभा आहे. हे मात्र पाठच करा. आणि क्रिकेटचं समालोचन ऐकता ना? इंग्लंडमधले समालोचक ‘इंग्लंड आर फिफ्टी फॉर टू’ म्हणतात, कारण त्यांना संघातले अकरा जण दिसतात. अमेरिकन माणूस संघाला सहसा ‘इज’च लावतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

चला, आता तुमची पाळी. ‘थ्री वीक्स ... अ लाँग हॉलिडे.’ ‘द नंबर ऑफ कार्स ... व्हेरी लार्ज.’ ‘मोस्ट ऑफ द केक ... ऑन द प्लेट.’ तिन्ही रिकाम्या जागी एकच शब्द बसतो. तो आधी स्वतः ठरवा, आणि मगच आईबाबांना विचारा. बघू त्यांचं उत्तर काय येतं!