खुबा बदलल्यानंतर पाय सुजला? चोळू नका, आधी डॉपलर करा

तीर्थपुरी (जि. जालना) : खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, पण रुग्ण काही दिवसांतच गावी परततो. रक्तवाहिन्यांचा त्रास अनेकदा त्यानंतर, घरी असतानाच सुरू होतो. म्हणून तो घरच्यांनी ओळखणे महत्त्वाचे.

गुठळी का होते?
हालचाल कमी झाल्याने पायातील रक्त संथ वाहते. शस्त्रक्रियेत शिरांवर ताण येतो आणि रक्त गोठण्याचे प्रमाणही वाढते. त्यामुळे पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. याला ‘डीव्हीटी’ म्हणतात. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

कसे ओळखाल?
शस्त्रक्रियेनंतर थोडी सूज येतेच. पण पोटरी किंवा मांडीची सूज वाढत असेल, पाय दुखत असेल, गरम किंवा लालसर वाटत असेल, तर तेल लावून चोळू नका. चोळल्याने गुठळी सुटण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कलर डॉपलर सोनोग्राफीत गुठळी कळते.

उपचार काय?
रक्त पातळ करणारी इंजेक्शने किंवा गोळ्या साधारणपणे किमान तीन महिने देतात. औषध गुठळी वाढू देत नाही. शरीर ती हळूहळू विरघळवते. गुठळी होऊच नये म्हणूनही शस्त्रक्रियेनंतर ३५ दिवसांपर्यंत औषध दिले जाते. जखम भरली म्हणून ते परस्पर बंद करू नका. या काळात मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. काळी शौच किंवा लघवीत रक्त दिसल्यास लगेच डॉक्टरांना सांगा.

पाऊल गार पडले तर?
धमनीला इजा होणे दुर्मीळ आहे, पण गंभीर. पाऊल गार, फिकट किंवा बधिर झाले, बोटे हलेनाशी झाली, तर रक्तपुरवठा थांबलेला असू शकतो. साधारण सहा तासांत तो सुरू झाला नाही तर पाय गमावण्याची भीती असते. रक्तवाहिन्यांचे सर्जन गुठळी काढून, स्टेंट टाकून किंवा बायपास करून रक्तपुरवठा सुरू करतात.

१०८ कधी लावाल?
अचानक दम लागला, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले किंवा भोवळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा. डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधे सोबत घ्या.