जुन्या संगणकाचाही खोडवा घेता येतो



लागणीचा ऊस तुटला म्हणून आपण लगेच रान नांगरत नाही. पाचट सरीत घालतो, बुडखे जमिनीलगत छाटतो, खताची मात्रा देतो आणि खोडवा घेतो. घरच्या संगणकाच्या बाबतीत मात्र आपली फार घाई होते.

'विंडोज १०' ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. 'विंडोज ११' ला साधारण २०१८ च्या आधीचे यंत्र चालत नाही. आमच्या घरीही चिरंजीवांनी "आप्पा, आता नवाच घ्या" असा धोशा लावला. नगरच्या एका दुकानदाराने तर डबा न उघडताच नव्याचा भाव सांगितला!

आम्ही डबा उघडला. आत पंख्यावर बोटभर धूळ. ती झाडली. यंत्राला खरी मंद करते ती फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क. तिच्या जागी २४० जीबीची एसएसडी बसवली आणि ४ जीबीची रॅम ८ केली. पूर्वी बटण दाबून चहा उकळून व्हायचा, आता अर्ध्या मिनिटात पडदा उजळतो. रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्यावी. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांची खाच वेगळी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तारीख सारखी मागे जात असेल, तर आतला नाण्याएवढा सेल बदलावा. तारीख चुकली की बँकेचे पानसुद्धा उघडत नाही, आणि माणूस उगाच इंटरनेटला दोष देत बसतो.

विंडोजऐवजी 'लिनक्स मिंट' घातले. ते फुकट मिळते, मराठीही लिहिता येते. मात्र ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे, त्यांनी जाणकाराला विचारल्याशिवाय हे करू नये.

पण खर्चाआधी काम काय, ते पाहा. कोल्हापूरकडील वारणा परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांना संगणकांनी जोडण्याची योजना सुरू झाली. त्यांचा मुख्य उपयोग उसाची तोड, वजन आणि बिल पाहण्यापुरताच राहिला, आणि देखभाल जड जाऊ लागली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी काही गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर भागवून दाखविले. तेव्हा नुसते टनेज पाहायचे असेल, तर हातातला फोन पुरे. एसएसडीलाही पैसे घालू नका. पोरांचा अभ्यास, अर्ज, पत्रव्यवहार असेल तर दुरुस्ती परवडते.

तिसऱ्या-चौथ्या खोडव्याला उतारा उरत नाही, तसेच इथेही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, तर त्यावर रुपया घालू नये.

आणि काढलेली जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ नका. पासबुकाच्या प्रती, सातबारा, लग्नाचे फोटो तिच्यातच असतात. आमची अजून कपाटात आहे.