डोळ्यातले भिंग आणि नाकावरची चाळिशी

वयाचा एक टप्पा आणि त्या वयात नाकावर चढणारा चष्मा, दोहोंना मराठीत 'चाळिशी' हे एकच नाव आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वयपरत्वे ताठर होते. भोवतालचा स्नायू आकुंचन पावला तरी ते पूर्वीसारखे फुगत नाही, आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. पुढे मोतीबिंदू झाला म्हणजे ते काढून कृत्रिम भिंग बसवितात. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात ही वाट पाडली. परंतु सर्वसाधारण कृत्रिम भिंगाची नजर एकाच अंतरावर खिळलेली असते. दूरचे स्वच्छ दिसले तरी वाचनापुरती चाळिशी उरतेच.

ही उणीव भरून काढण्यासाठी, स्नायूच्या हालचालीसरशी पुढेमागे सरकणारे 'क्रिस्टलेन्स' नावाचे भिंग निघाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली त्यास मान्यता दिली. कल्पना मोहक खरी. परंतु त्या मान्यतेतच या भिंगापासून सुमारे एक डायॉप्टर इतकीच जुळवणूक अपेक्षिली होती. चाळीस सेंटिमीटरवरील मजकुरासाठी अडीच डायॉप्टर लागतात. (एवढी वजाबाकी अर्थशास्त्राच्या अध्यापकासही जमते!) नंतरच्या काही मोजमापांत तर भिंगाचे प्रत्यक्ष सरकणे अत्यल्प आढळले.

खरा प्रश्न पुढेच आहे. अमेरिकेतील वृद्धांच्या 'मेडिकेअर' या सरकारी विमा योजनेने २००५ साली असे ठरविले की, साध्या भिंगाचा खर्च योजना देईल आणि अशा विशेष भिंगाचा वाढीव खर्च रुग्णाने सोसावा. निवडीचे स्वातंत्र्य म्हणून हे वरकरणी निर्दोष वाटते. परंतु केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ सालीच दाखविले होते की, वैद्यकीय सेवेचा ग्राहक मालाची पारख करू शकत नाही. ज्ञान विक्रेत्यापाशी असते आणि सल्लाही त्याचाच. साडी दुकानात उलगडून पाहता येते. भिंग मात्र डोळ्यात बसल्यावरच कळते, आणि मग ते बदलणे म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया.

याउलट मदुराईचे उदाहरण पाहावे. तेथील अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून साधी भिंगे देशातच बनविली आणि शंभर डॉलरच्या आसपास पडणारी वस्तू दहा डॉलरच्या घरात आणली. या भिंगाने चाळिशी सुटत नाही. पण मोतीबिंदूने आंधळ्या झालेल्या शेतमजुराला ते पुन्हा कामावर धाडते. महागडे भिंग फार तर चष्मा वाचविते. सार्वजनिक पैसा प्रथम कोठे जावा, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

द्रव भरलेली, आकार बदलणारी नवी भिंगे सध्या प्रयोगावस्थेत आहेत. ती अवश्य यावीत. मात्र वाढीव दाम घेण्यापूर्वी, त्या भिंगाने किती डायॉप्टर जुळवणूक प्रत्यक्ष मोजली गेली आहे, तो आकडा रुग्णाच्या हाती लेखी पडावा. आणि त्याच कागदावर साध्या चाळिशीची किंमतही छापलेली असावी.