वेगाची मोजदाद, भाग ४ : घाटाची चढण आणि कक्षेचा वेग

चढण म्हणजे काय, हे मावळातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. तिथे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर चढावे लागते, म्हणून कर्जतहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांना मागून बँकर इंजिने लावतात. अशा मुलखात उपग्रह म्हणजे खूप उंच नेऊन ठेवलेली वस्तू आणि रॉकेटची कामगिरी म्हणजे एक अजस्र घाट चढणे, अशी समजूत सहज होते. ती चुकीची आहे, असे मला या भागात मांडायचे आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत जाण्यात उंचीचा वाटा लहान आणि आडव्या वेगाचा फार मोठा असतो. हे चटकन लक्षात येत नाही, कारण रस्त्यावरचा वेग आपण तासाच्या हिशेबाने सांगतो आणि कक्षेतला सेकंदाच्या. मोटारीचे १०० आणि उपग्रहाचे ७.९ हे आकडे शेजारी वाचले, तर दुसरा किरकोळच वाटतो.

म्हणून आधी दोन्ही एकाच मापात आणू. तासाचे सेकंद ३,६००, तेव्हा सेकंदाला ७.९ किलोमीटर म्हणजे ताशी २८,४४० किलोमीटर. उलट बाजूने, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींसाठी असलेली ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ५ ने गुणून १८ ने भागली की सेकंदाला २७.८ मीटर येतात. म्हणजे फरक सुमारे २८४ पटींचा. मळवली ते लोणावळा हे साधारण आठ किलोमीटरचे अंतर कक्षेतल्या वेगाने एका सेकंदात संपेल. पुण्याहून लोकल ६४ किलोमीटर धावून सव्वा ते दीड तासात लोणावळ्याला येते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ९२ मिनिटांत पृथ्वीभोवतीची ४२,५०० किलोमीटरची फेरी पुरी करते.

हा ७.९ आकडा आला कुठून? हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्याने ७.९ किलोमीटर सरळ पुढे गेले की तिचा पृष्ठभागही तेवढाच, ४.९ मीटर, खाली वळलेला असतो. हवेचा अडथळा नसेल, तर या वेगाने आडवी फेकलेली वस्तू सतत पडत राहते, पण जमीनही तितकीच दूर सरकत राहते. न्यूटनने डोंगरमाथ्यावरच्या तोफेची कल्पना करून हेच दाखवले. डोंगराची उंची तिथे गौण आहे.

आता उंचीलाही वेगाच्या मापात बसवू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२२ मीटरवर आहे. तेवढी चढण एका दमात, सुरुवातीच्या वेगावरच पार करायची, तर सेकंदाला ११० मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४०० किलोमीटर वेग पुरतो. सरळ ४०० किलोमीटर वर जायला सेकंदाला २.७ किलोमीटर लागतात. तिथे फिरत राहायला ७.६६. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून चढणीच्या जवळपास आठपट ऊर्जा आडव्या वेगाला द्यावी लागते. आपल्या अवकाश कार्यक्रमाचा इतिहासही हेच सांगतो. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून उडालेले पहिले रॉकेट सुमारे २०० किलोमीटर वर जाऊन खाली आले. ३५ किलोचा रोहिणी उपग्रह एसएलव्ही-३ या रॉकेटने कक्षेत ठेवला तो १८ जुलै १९८० रोजी. त्या कक्षेचे पृथ्वीला सर्वांत जवळचे टोक जेमतेम ३०० किलोमीटरवर होते, तरी रॉकेटचे वजन १७ टन होते.

यावर काही आक्षेप येतील. रॉकेट तर सरळ वर जाते, मग आडवा वेग कुठला? सुरुवातीला ते दाट हवेतून लवकर बाहेर पडण्यासाठी वर जाते. पुढे झुकते आणि बहुतेक जोर आडवा लावते. दुसरा आक्षेप असा, की पृथ्वी आपल्याला फिरवतेच आहे. खरे आहे. मावळातली प्रत्येक वस्तू पूर्वेकडे सेकंदाला सुमारे ४४० मीटर, म्हणजे ताशी जवळपास १,६०० किलोमीटर वेगाने जात असते. मोटारीचा वेग रस्त्याच्या सापेक्ष असतो आणि कक्षेतला पृथ्वीच्या केंद्राच्या, हे रूपांतर करताना ध्यानात ठेवायलाच हवे. पण ही आयती मदत गरजेच्या सहा टक्क्यांच्या आतच भरते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ३५,७८६ किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह ताशी ११,००० किलोमीटरनेच फिरतात. मग तिथे चढणच मोठी नाही का? ऊर्जेच्या हिशेबात ती मोठी आहे, हे मान्य. माझे विधान पृथ्वीजवळच्या कक्षांपुरते आहे. पण तो घाटही इंजिन रेटत चढत नाही. पृथ्वीजवळ सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक वेग घ्यायचा आणि त्या वेगावर वर जायचे, अशीच त्याची रीत आहे.

म्हणून अवकाशाची बातमी वाचताना उंचीच्या आकड्यावर थांबू नये. वेग किती, कोणत्या मापात आणि कशाच्या सापेक्ष, हे विचारावे, आणि ३,६०० चा गुणाकार स्वतः करून पाहावा. कक्षेत नेताना दिलेली ही सारी ऊर्जा परतीच्या वाटेवर कुठेतरी जिरवावीच लागते. ती हवेत उष्णता होऊन कशी जिरते, हे पुढच्या आठवड्यात पाहू.