खुर्ची राखीव, सत्ता वंशपरंपरागत

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतींत अनुसूचित जातींसाठी सदस्यत्व व अध्यक्षपदे राखून ठेवली. पण कायद्याने दिलेले पद जातीची उतरंड कसे निष्प्रभ करू शकते, हे तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्याने दाखवून दिले.

पाप्पापट्टी, कीरिपट्टी व नाट्टरमंगलम येथील अध्यक्षपद १९९६ मध्ये दलितांसाठी राखीव झाले. प्रबळ कळ्ळर समाजाला ते मान्य नव्हते. कधी उमेदवारी अर्जच भरू दिले गेले नाहीत. कधी मर्जीतला उमेदवार निवडून आणून शपथविधीनंतर त्याचा राजीनामा घेण्यात आला. दहा वर्षे हे चालले. याच जिल्ह्यातील मेलवळवूचे निर्वाचित दलित अध्यक्ष मुरुगेशन यांची जून १९९७ मध्ये अन्य पाच जणांसह हत्या झाली.

कोंडी फुटली ऑक्टोबर २००६ मध्ये. करुणानिधी सरकारने निर्धार दाखवला, जिल्हा प्रशासनाने गावकऱ्यांशी संवाद साधला आणि निवडून आलेले अध्यक्ष पदावर टिकले. कायदा तोच होता. बदलली ती राज्यकर्त्यांची इच्छाशक्ती.

तथापि निवडणूक ही केवळ पहिली पायरी. ऑक्टोबर २०२० मध्ये कडलूर जिल्ह्यातील एका दलित महिला अध्यक्षांना बैठकीत जमिनीवर बसवल्याचे छायाचित्र देशाने पाहिले. त्यांची निवड वैध होती, राखीव जागाही भरली गेली होती. आरक्षणाचे मोजमाप आपण भरलेल्या जागांवरून करतो. ते त्या जागेवर बसणाऱ्याच्या अधिकारावरून व्हायला हवे.