खाडीकाठचं छोटं विद्यापीठ

कोपरला फास्ट लोकल थांबत नाही. वरच्या फलाटावर दिवा-वसईची गाडी, खालच्या फलाटावर कल्याण-डोंबिवलीहून आधीच भरून आलेली स्लो. ठाण्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसाठी दिवा, मुंब्रा, कळवा आणि मग ठाणे, असा एवढासाच प्रवास. पण त्यात बसायला मिळेल ही आशा कुणी ठेवत नाही. खिडकी हवी असेल तर आधी उलट डोंबिवलीला किंवा थेट कल्याणला जायचं आणि तिथून रिटर्न यायचं. सकाळच्या पहिल्या लेक्चरसाठी एवढी मेहनत घेणारा विद्यार्थी विरळाच. कॉलेजात प्रवेश मिळाल्यावर आयकार्डाच्या पाठोपाठ हातात पडणारा महत्त्वाचा कागद म्हणजे रेल्वे पासाचा कन्सेशन फॉर्म. घराचं स्टेशन आणि कॉलेजचं स्टेशन, एवढंच त्यावर खरं महत्त्वाचं.

ठाण्याला उतरून पश्चिमेला, खाडीच्या दिशेने चालत गेलं की चेंदणी कोळीवाडा येतो आणि बंदर रस्त्यावर विद्या प्रसारक मंडळाचं आवार. मंडळाची स्थापना १९३५ची. सुरुवात शाळेपासून झाली. कॉलेज आलं ते १९६९ साली: के. ग. जोशी कला आणि ना. गो. बेडेकर वाणिज्य महाविद्यालय. एवढं लांब नाव कोण घेणार? सगळं ठाणे त्याला जोशी-बेडेकर म्हणतं. मग १९७२मध्ये विधी महाविद्यालय, पुढच्या वर्षी व्यवस्थापन संस्था, १९७६मध्ये बांदोडकर विज्ञान महाविद्यालय आणि १९८३मध्ये तंत्रनिकेतन. कला, वाणिज्य, विज्ञान, कायदा, व्यवस्थापन आणि तंत्रशिक्षण, सगळं एकाच कुंपणात. नाटकात वकील हवा असेल तर समोरच्या इमारतीतून खरा कायद्याचा विद्यार्थी आणता येतो.

कागदोपत्री हे विद्यापीठ नाही. पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचं, १८५७ साली स्थापन झालेल्या आणि सिंधुदुर्गापर्यंत शेकडो कॉलेजं पोटात घेतलेल्या अवाढव्य विद्यापीठाचं. कलिनाचं आवार कोपर-दिव्याच्या मुलाला दिसतं ते पदवीच्या कागदात चूक निघाली तर. फोर्टचा राजाबाई टॉवर तर तो फोटोतच बघतो. २०१९मध्ये सरकारने एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ उभं केलं, त्यानंतर एचएसएनसी विद्यापीठही अशाच मोजक्या कॉलेजांतून झालं. त्या मापाने चेंदणीचं आवार कधीच विद्यापीठ झालेलं आहे, फक्त कुलगुरू नाहीत. उलट मालक अनेक: तंत्रनिकेतनाची परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं, कायद्याच्या वर्गांवर बार कौन्सिलची नजर असते आणि व्यवस्थापनावर एआयसीटीईची.

अशा जागी विद्यार्थी जीवन म्हणजे काय, हा प्रश्न मला हॉस्टेलवाल्या विद्यापीठांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण महाराष्ट्रातल्या कॅम्पसच्या बहुतेक गोष्टी हॉस्टेलच्या आहेत. रात्रभर गप्पा, मेसची भांडणं, पहाटेचा चहा. आयआयटी मुंबईचा मूड इंडिगो महोत्सव १९७१ पासून गाजतो, त्यामागे तिथेच राहणारी मुलं आहेत. इथे संध्याकाळ झाली की आवार रिकामं व्हायला लागतं. कुणाला शिकवणी घ्यायची असते, कुणाची सीएची आर्टिकलशिप असते, कुणी दुकानात उभं राहतं. उरलेल्या फटीत जे काही होतं, तेच इथलं विद्यार्थी जीवन. आणि ते कमी नाही.

एकांकिकेची तालीम घ्या. आयएनटी, युवा महोत्सव, लोकांकिका: पावसाळा सुरू झाला की मुंबई-ठाण्याच्या कॉलेजांत स्पर्धांचा मोसम लागतो. कागदावर तालीम कितीही वाजेपर्यंत असो, ती संपते गाडीच्या वेळेला. कळव्याला राहणारा लीड करू शकतो. टिटवाळा-आसनगावच्या मुलाकडे बऱ्याचदा संगीत नाहीतर प्रकाशयोजना येते, कारण त्याला मध्येच उठून जावं लागतं. दिग्दर्शक सुरुवातीला चिडतो, मग शहाणा होतो आणि शेवटचा प्रवेश आधी बसवतो. नेपथ्याचे तुकडे लोकलमधून नेता येतील अशा मापाने कापले जातात. मालडब्यातून न्यायची फ्रेम असेल तर दुपारच्या गाडीशिवाय इलाज नाही. या नाटकांत नेपथ्य आटोपशीर का असतं, याची समीक्षकांनी सौंदर्यशास्त्रीय कारणं शोधावीत. मला लगेज डब्याचा दरवाजा पुरेसा वाटतो.

पण खरी गंमत एनएसएसची. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, म्हणजे जोशी-बेडेकर आणि ती एकाच वर्षाची. नियम साधा आहे: वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४०, आणि एकदा सात दिवसांचं निवासी शिबिर. प्रवेश घेताना बरीच मुलं दहा वाढीव गुणांसाठी येतात, हे त्यांच्या सरांनाही माहीत असतं. मग हिवाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या दत्तक गावात, शाळेच्या वर्गात सतरंज्या पडतात. पहाटे उठायचं, प्रार्थना, श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी गावात सर्वेक्षण, रात्री सांस्कृतिक. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा असतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधेमोड करत ओळीने लावायच्या. पाणी अडलं की गावाला रब्बीची भाजी निघते आणि गुरांना प्यायला मिळतं.

स्वयंपाक गटांकडे वाटून दिलेला असतो, आणि ज्या गटाला शंभर पोळ्या लाटायच्या असतात त्या गटातली मैत्री आयुष्यभर टिकते किंवा तिथेच मोडते. तीन वर्षं एका बाकावर बसून ज्यांना एकमेकांचं घर कुठे आहे एवढंच माहीत असतं, ते इथे पहिल्यांदा एकमेकांना झोपेतून उठलेले बघतात. रोज घरी परतणाऱ्या या मुलांच्या वाट्याला आलेलं हॉस्टेल ते हे सात दिवसांचं. एखाद्या मुलीच्या घरून परवानगी मिळावी म्हणून मॅडमनी वडिलांना फोन करणं हाही शिबिराचाच भाग, तो अहवालात येत नाही.

आवाराजवळची आणखी एक मोठी वर्गखोली म्हणजे खाडी. भरती-ओहोटी, तिवरं, चिखलातले खेकडे, हिवाळ्यात येणारे पाणपक्षी. विज्ञानाच्या मुलांना प्रात्यक्षिकासाठी दूर जावं लागत नाही. पुढे हीच खाडी ऐरोलीच्या बाजूला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. सांडपाण्याचा वास मात्र दोन्ही दर्जांनंतरही तसाच आहे.

एका गोष्टीची उणीव इथे जाणवते. विद्यार्थी राजकारण नाही. १९८९मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, पुढे १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या आणि विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवर ठरायला लागले. २०१६च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, पण कागदावरच. परिणाम असा की महोत्सवासाठी प्रायोजक मिळवण्यात तरबेज झालेली पिढी स्वतःच्या प्रश्नावर एकत्र येण्यात कच्ची राहिली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातले प्रवासी पडले आणि काहींचा जीव गेला. त्याच वळणावरून ही मुलं रोज जातात. एकेकाचा संताप मोबाइलवर दिसला. विद्यार्थी म्हणून एकत्र बोलणारा आवाज कुठून येणार? तो घडवणारी यंत्रणाच आपण मोडली आहे.

विनाअनुदानित अभ्यासक्रमांनी आणखी एक रेघ ओढली, आणि ती फक्त ठाण्यात नाही. बीएमएस, मास मीडिया, अकाउंटिंग अँड फायनान्स यांची फी वेगळी, महोत्सव वेगळे, इंग्रजी वेगळं. वाङ्मय मंडळात पारंपरिक बीएची मुलं, फेस्टच्या टी-शर्टात ही. दोघांना एकत्र आणतं ते ढोलपथक. १९९९मध्ये डोंबिवलीने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा काढली, ठाण्यासह गावोगाव ती पसरली आणि ढोल बांधणाऱ्या हातांची गरज पडायला लागली. ढोलाला फीचा फरक कळत नाही. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर नवे कपडे घालून जमणाऱ्या गर्दीत तिथल्या पेंढरकर कॉलेजची मुलं असतात, कल्याणच्या बिर्ला कॉलेजची असतात आणि ठाण्याला जाणारीही. कॉलेजं निराळी, गाव एकच.

आता जोशी-बेडेकर आणि बांदोडकर दोन्ही स्वायत्त आहेत. अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आवारातच ठरतात, पदवी तेवढी मुंबई विद्यापीठाची. नव्या शैक्षणिक धोरणाने आंतरशाखीय विषय आणि कामाचा अनुभव श्रेयांकात धरला आहे. श्रमदानाचे आणि तालमीचे तास त्यात नीट बसवायचे की नाही, हे आता कलिनाला विचारून चालणार नाही. ते चेंदणीलाच ठरवावं लागेल, आणि वेळापत्रक लावताना एक प्राध्यापक तरी स्लोने येणारा असावा.